गाठींचे गणित आणि ऐच्छिक जोडणी : प्रस्तावना

ज्या विषयाचा परिचय करून देण्याच्या हेतूने ही पुस्तिका सिद्ध केली आहे, तो विषय वरवर पाहणाऱ्यास दोन निरनिराळ्या खात्यांत विभागलेला वाटण्याचा संभव आहे. गाठींचा सिद्धांत हा शुद्ध गणिताच्या दफ्तरातला, आणि एखाद्या मोठ्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचे पॅकेज ऐच्छिक म्हणून दाखल करून घेण्याची तजवीज ही संगणकतज्ज्ञांच्या दफ्तरातली, असा तो विभाग होय. परंतु सेजमॅथ या मुक्त गणितप्रणालीशी स्नॅपपाय या ग्रंथिशास्त्रीय पॅकेजाचे जे नाते जुळले, त्याचा तपशील लक्षपूर्वक पाहिला म्हणजे ही दोन दफ्तरे मुळात एकच असल्याची खात्री पटू लागते. दोन स्वतंत्र गणनपद्धती परस्परांशी बोलू लागतात, तेव्हा प्रत्येकीला दुसरीचा दाखला तपासून पाहण्याची मुभा मिळते. आणि गाठींच्या शास्त्रात अशा तपासणीवाचून केवळ विद्वत्तेच्या भरवशावर टिकलेले सत्य किती दुबळे ठरू शकते, हे या शास्त्राच्या इतिहासानेच दाखवून दिले आहे. जोडणी ही निव्वळ सोयीची बाब नसून प्रमाणाची बाब आहे, एवढेच या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

गाठ म्हणजे गणितज्ञाच्या दृष्टीने दोन्ही टोके एकमेकांना कायमची जोडलेली, स्वतःला कोठेही न छेदणारी, त्रिमित अवकाशातील एक बंद रेषा. आणि अशा अनेक रेषा परस्परांत गुंतल्या म्हणजे त्या रचनेला साखळी म्हणावयाचे. रेषा न तोडता एका गाठीचे रूप पालटत पालटत दुसरीचे रूप आणता येत असेल, तर त्या दोन गाठी एकच मानावयाच्या. या साध्या करारातून एक अवघड प्रश्न उभा राहतो : कागदावर काढलेल्या दोन आकृती, ज्यांत दोऱ्याचा एक भाग दुसऱ्यावरून वा खालून जाताना ठिकठिकाणी छेद पडलेले आहेत, त्या एकाच गाठीच्या आहेत की दोन निराळ्या गाठींच्या? रायडेमायस्टर यांनी १९२७ साली असे सिद्ध केले की, तीन प्रकारच्या मूलभूत फेरफारांच्या मालिकेने एका आकृतीतून दुसरीत जाता येणे हीच दोन गाठी समान असल्याची खूण होय. परंतु ती मालिका किती लांब असेल याची हमी त्या प्रमेयात नसल्यामुळे, फेरफार करून पाहत राहणाऱ्यास यश आले तर समानता कळते, यश न आले तर मात्र काहीच कळत नाही. म्हणून गणितज्ञांनी अविकारी राशींचा आश्रय घेतला. आकृती कशीही बदलली तरी जिचे मूल्य बदलत नाही अशी राशी दोन आकृतींसाठी भिन्न आली, की गाठी भिन्न असल्याचा निकाल लागतो. अलेक्झांडर यांची १९२८ साली प्रसिद्ध झालेली बहुपदी आणि व्हॉन जोन्स यांनी १९८४ साली शोधलेली बहुपदी ही अशा राशींची ठळक उदाहरणे होत. दुसरीने तर या शास्त्राची दिशाच पालटली, आणि १९९० साली जोन्स यांना फील्ड्स पदक मिळाले त्यात तिचा मोठा वाटा होता.

या शास्त्रातील यादीकरणाची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. गाउस आणि लिस्टिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाठींकडे गणिताच्या दृष्टीने पाहिले होते, तथापि गाठींची पद्धतशीर मोजदाद सुरू झाली ती लॉर्ड केल्विन यांच्या एका भौतिक कल्पनेमुळे. परमाणू म्हणजे ईथरमधील गाठ पडलेले भोवरे असावेत, असा सिद्धांत त्यांनी १८६७ साली मांडला. तो खरा असता, तर गाठींची सूची ही मूलद्रव्यांचीच सूची ठरली असती. या आशेने स्कॉटलंडमधील पीटर टेट यांनी सात छेदांपर्यंतच्या गाठी नोंदविल्या, पुढे कर्कमन आणि अमेरिकेतील लिटल यांच्या साह्याने हे काम दहा छेदांपर्यंत गेले. भौतिक कल्पना कालांतराने सोडून देण्यात आली, परंतु सूची उरली, वाढली आणि पूजनीय झाली. गाठ व तिची आरशातील प्रतिमा एकच धरली, तर लहान गाठींत न मोडणाऱ्या, म्हणजे अविभाज्य, गाठी तीन आणि चार छेदांच्या प्रत्येकी एक, पाचाच्या दोन, सहाच्या तीन, सातांच्या ७, आठांच्या २१, नवांच्या ४९ आणि दहांच्या १६५ आहेत. छेद वाढतील तसा हा आकडा झपाट्याने फुगत जातो, आणि कागद, पेन्सिल व चिकाटी या साधनांची हद्द कोठे संपते हे त्यावरून ध्यानात येते.

त्या शेवटच्या १६५ या आकड्याचा इतिहास प्रत्येक अभ्यासकाने मनाशी बाळगावा असा आहे. लिटल यांनी १८९९ साली दिलेल्या यादीत दहा छेदांच्या दोन आकृती निरनिराळ्या गाठी म्हणून नोंदल्या गेल्या, कॉनवे यांच्या १९७० च्या सूचीतही त्या तशाच राहिल्या, आणि पंचाहत्तर वर्षे त्यांच्या भिन्नत्वाबद्दल कोणाला शंका आली नाही. केनेथ पर्को या न्यूयॉर्कमधील वकिलांनी १९७४ साली असे प्रसिद्ध केले की त्या दोन्ही आकृती एकाच गाठीच्या आहेत. चूक कोणाच्या आळसाने झालेली नव्हती. आपल्या आकृतींच्या विशिष्ट रूपात छेदांच्या चिन्हांची बेरीज अविकारी असते, अशी लिटल यांची समजूत होती. त्या दोन आकृतींत ती बेरीज भिन्न येत असल्यामुळे गाठी भिन्न, हे अनुमान त्यांना निर्विवाद वाटले, आणि नंतरच्यांनी ती नोंद पुन्हा न तपासता पुढे चालविली. १९७६ साली निघालेल्या रॉल्फसन यांच्या प्रसिद्ध ग्रंथातही दोन्ही नोंदी राहिल्या. पुढे त्यांतील एक वगळल्यामुळे आजच्या सूचींत शेवटच्या काही गाठींचे क्रमांक एकाने मागे सरकले असून, जुन्या ग्रंथातील एखाद्या नावाने आज दुसरीच गाठ ओळखली जाते.

याच्या उलट बाजूचा दाखला १९९८ सालचा आहे. होस्ट, थिसलथ्वेट आणि वीक्स या तिघांनी सोळा छेदांपर्यंतच्या १७,०१,९३६ गाठींची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या विश्वसनीयतेचा आधार एका संगणकाचा वेग हा नव्हता. एकीकडे होस्ट व वीक्स आणि दुसरीकडे थिसलथ्वेट यांनी भिन्न पद्धतींनी, स्वतंत्र प्रोग्रॅमांनी यादी तयार करून मगच ती परस्परांशी ताडून पाहिली होती. न्यायालयात दोन साक्षीदारांची जबानी जुळली तर तिला वजन येते, पण त्यांनी आधी एकमेकांशी सल्लामसलत केली नसेल तरच. गणिती गणनेचेही तसेच आहे. पर्को यांचे उदाहरण आणि या तिघांचे उदाहरण शेजारी शेजारी ठेवले म्हणजे प्रस्तुत विषयाचे मर्म हाती लागते.

आता ज्या दोन प्रणालींच्या जोडणीचा हा विषय आहे, त्यांचा परिचय करून देणे प्राप्त आहे. सेज, म्हणजेच सेजमॅथ, ही प्रणाली विल्यम स्टाईन यांनी २००५ साली प्रथम प्रसिद्ध केली. मॅग्मा, मेपल, मॅथमॅटिका आणि मॅटलॅब या विकाऊ प्रणालींना पर्याय ठरेल असे, ज्याचा अंतर्भाग कोणालाही वाचता व सुधारता येईल असे साधन निर्माण करणे, हा तिचा जाहीर उद्देश होता. सर्व काही नव्याने लिहिण्याऐवजी, संख्यासिद्धांतातील पारी, गटसिद्धांतातील गॅप, बहुपदींसाठी सिंग्युलर, प्रतीकात्मक गणनेसाठी मॅक्सिमा अशा पूर्वसिद्ध प्रणालींना पायथन भाषेच्या साह्याने एकत्र आणण्याचे धोरण तिने स्वीकारले. स्नॅपपायचे घराणे निराळे आहे. थर्स्टन यांनी त्रिमित अवकाशांच्या भूमितीचा जो नवा मार्ग दाखविला, त्याला अनुसरून जेफ्री वीक्स यांनी स्नॅपपी नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याच्या गाभ्यावर मार्क कलर, नेथन डनफिल्ड आणि पुढे मथायस गर्नर यांनी पायथनमध्ये उभारलेली प्रणाली म्हणजे स्नॅपपाय. गाठीभोवतालचा जो अवकाश उरतो, त्याचे चतुष्फलकांत विभाजन करून त्यावर अपास्तीय (हायपरबोलिक) भूमिती बसविणे, हे तिचे मुख्य कौशल्य.

हे कौशल्य कोणत्या मोलाचे आहे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मॉस्टो यांच्या दृढता-प्रमेयानुसार अशा अवकाशावर अपास्तीय भूमिती बसत असेल तर ती एकाच प्रकारे बसते, म्हणून तिचे घनफळ ही गाठीचीच अविकारी राशी ठरते. चार छेदांच्या गाठीसाठी ते सुमारे २.०२९८८ आहे. गॉर्डन आणि ल्यूक यांनी १९८९ साली सिद्ध केले की भोवतालच्या अवकाशावरून गाठ निश्चित होते, मात्र आरशातील प्रतिमेचा भेद त्यासाठी वेगळा ध्यानात ठेवावा लागतो. वर उल्लेखिलेल्या १७,०१,९३६ गाठींपैकी केवळ ३२ वगळता बाकी सर्वांवर ही भूमिती बसते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक व्यावहारिक प्रश्नात स्नॅपपायला बोलण्याचा अधिकार आहे. परंतु तिची नेहमीची गणना दशांश-अपूर्णांकांच्या आसन्न किमतींवर चालते. आसन्न किमतीवरून सिद्धता होत नाही. येथे सेजकडील अंतराल-अंकगणित उपयोगी पडते. प्रत्येक संख्येऐवजी तिला निश्चितपणे सामावणारी वरची व खालची मर्यादा हाती धरून गणना केली, म्हणजे येणारा निष्कर्ष प्रमेयाच्या दर्जाचा होतो, आणि स्नॅपपायची ही पडताळणी सेजच्या सान्निध्यातच चालते. एकीकडून भूमिती आली, दुसरीकडून निश्चितता. सेजचा उपकार स्नॅपपायवर आणि स्नॅपपायचा सेजवर, असा हा उभयपक्षी करार आहे.

मग असे पॅकेज सेजच्या मूळ वितरणातच का घालू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. सेजमध्ये पॅकेजांच्या प्रमाण, ऐच्छिक आणि प्रायोगिक अशा श्रेणी आहेत. प्रमाण श्रेणीत आलेले पॅकेज प्रत्येक वापरणाऱ्याच्या यंत्रावर उतरते, प्रत्येक आवृत्तीबरोबर बांधले जाते, आणि ते एखाद्या यंत्रावर मोडले तर सबंध प्रणालीचे काम अडते. ज्याला केवळ समीकरणे सोडवावयाची आहेत त्या विद्यार्थ्यावर त्रिमित भूमितीचा भार टाकणे त्यामुळे न्याय्य ठरत नाही. ऐच्छिक श्रेणीतील पॅकेज ज्याला हवे त्याने मागवावे, आणि ज्याने मागविले नाही त्याचे काहीही अडू नये, असा तिचा संकेत आहे. एखाद्या नव्या पॅकेजाने काही काळ, साधारणतः वर्षभर, ऐच्छिक म्हणून राहून आपली योग्यता सिद्ध करावी आणि मग प्रमाण श्रेणीचा विचार व्हावा, अशीही तेथील वहिवाट आहे. रॉबर्ट जेन्किन्स यांच्या प्रोग्रॅमावर आधारलेले, होमफ्ली बहुपदी ही आणखी एक अविकारी राशी मोजणारे पॅकेज याच वाटेने प्रथम ऐच्छिक व पुढे प्रमाण झाले. ऐच्छिकता ही दुय्यमतेची खूण नव्हे. ती जबाबदारीची वाटणी आहे.

परंतु ही वाटणी नीट करणे हे कौशल्याचे काम आहे. पॅकेज यंत्रावर आहे की नाही, हे प्रणालीने स्वतः ओळखावयाचे. नसेल तर अर्धवट उत्तर न देता, कोणते पॅकेज हवे आणि ते कसे मागवावे हे स्पष्ट शब्दांत सांगावयाचे. आणि असेल तर ते हाक मारल्यावरच स्मृतीत आणावयाचे, जेणेकरून एरवीच्या कामाचा वेग मंदावू नये. एकाच पारी ग्रंथालयाच्या दोन प्रती एकाच प्रक्रियेत शेजारी नांदू लागल्या, तर त्या एकमेकींच्या स्मृतीवर आक्रमण करण्याचा धोका असतो. म्हणून स्नॅपपाय सेजच्या बाहेर असताना आपली स्वतंत्र पारी वापरते आणि सेजच्या आत असताना सेजची. वापरणाऱ्यास हे दिसतही नाही, आणि दिसू नये हेच त्या तजविजीचे यश.

या सर्वांहून कठीण, आणि या पुस्तिकेने सर्वाधिक पृष्ठे दिलेला भाग आहे तो संकेतांचा. गाठ कागदावरून संगणकात न्यावयाची तर तिची आकृती आकड्यांत लिहावी लागते. एका पद्धतीत दोऱ्याच्या प्रत्येक तुकड्यास क्रमांक देऊन, प्रत्येक छेदापाशी भेटणारे चार क्रमांक खालून येणाऱ्या तुकड्यापासून आरंभ करून वर्तुळाकार क्रमाने नोंदतात. हा क्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घ्यावयाचा की उलट, यावर लेखकांचे एकमत नाही; आणि एकाने एका दिशेने लिहिलेली नोंद दुसऱ्याने दुसऱ्या दिशेने वाचली, तर कोठेही दोष न दाखविता गाठीच्या जागी तिची आरशातील प्रतिमा अवतरते. तीन छेदांची गाठ आणि तिची प्रतिमा भिन्न आहेत, जोन्स बहुपदीला तो भेद कळतो, परंतु अलेक्झांडर बहुपदीला कळत नाही. म्हणजे केवळ अलेक्झांडर बहुपदीवर तपासणी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढून ही चूक निर्वेधपणे निघून जाईल. तुकड्यांचे क्रमांक एक प्रणाली शून्यापासून सुरू करते, दुसरी एकापासून. वेणीच्या, म्हणजे वरून खाली उतरत परस्परांत गुंतणाऱ्या दोऱ्यांच्या रचनेच्या, मूळ घटकाचा छेद धन मानावयाचा की ऋण, हाही संकेताचाच प्रश्न. आणि अलेक्झांडर यांच्या १९२३ च्या प्रमेयानुसार प्रत्येक साखळी कोणत्या ना कोणत्या वेणीची टोके जोडून मिळत असल्यामुळे, सेजमधील वेणीगटांचे समृद्ध भांडार गाठींशी जोडताना त्याचे उत्तर आधी ठरवावे लागते. होमफ्ली बहुपदीचे तर चलांनुसार निरनिराळे पाठ ग्रंथांत रूढ आहेत, म्हणून सेजने तिच्या पद्धतीत कोणता पाठ हवा ते मागणाऱ्यालाच सांगण्याची सोय ठेवली आहे. आणि ज्या वर्तुळावर एकही छेद नाही, त्याचा वर सांगितलेल्या नोंदीत मागमूसच राहत नाही. तीन घटकांच्या साखळीतील एक मोकळे वर्तुळ रूपांतराच्या वाटेत हरवून दोनच घटक दुसऱ्या टोकाला पोचले, तरी आकड्यांच्या यादीत काही उणे दिसत नाही. असे तपशील क्षुल्लक मानणाऱ्याने लिटल यांच्या त्या एका समजुतीचे स्मरण करावे.

यावर उपाय एकच : प्रत्येक रूपांतर उदाहरणांनी तपासणे, आणि ती उदाहरणे प्रणालीच्या दस्तऐवजातच कायमची नोंदून ठेवणे. सेजमध्ये प्रत्येक कार्याच्या वर्णनात दिलेली उदाहरणे वाचकासाठी स्पष्टीकरण असतात आणि यंत्रासाठी परीक्षा; नवी आवृत्ती निघण्यापूर्वी ती सर्व चालवून, छापलेले उत्तर आणि मिळालेले उत्तर ताडून पाहतात. ऐच्छिक पॅकेजावर अवलंबून असलेल्या उदाहरणांवर तशी खूण केलेली असते, म्हणून पॅकेज नसलेल्या यंत्रावर ती वगळली जातात. पण याच खुणेत एक सावधगिरी दडलेली आहे. जी परीक्षा बहुतेक यंत्रांवर चालतच नाही, ती कोणीतरी हेतुपुरस्सर चालविली नाही तर बिघाड आवृत्त्यांमागून आवृत्त्या अज्ञात राहतो. त्यामुळे ऐच्छिक पॅकेजांसह पूर्ण परीक्षा नियमाने घेणारे यंत्र आणि त्याचा निकाल वाचणारा माणूस, या दोहोंची तरतूद जोडणीच्या कामाचाच भाग मानली पाहिजे. याच कामी नॉटइन्फो हा सुप्रसिद्ध संग्रह सेजला ऐच्छिक पॅकेज म्हणून जोडलेला आहे. त्यातील गाठ घेऊन तिची बहुपदी सेजकडून मोजून घ्यावी, घनफळ स्नॅपपायकडून, आणि दोन्ही उत्तरे संग्रहातील नोंदींशी ताडावीत. तिन्हींचा जाबसाल जुळला तर नोंद दृढ होते, आणि न जुळला तर कोठेतरी दोष असल्याचे निदान कळते.

या साधनांच्या मर्यादाही प्रारंभीच सांगणे इष्ट. छेदांच्या प्रत्येक निवडीवर बेरीज घेऊन जोन्स बहुपदी काढावयाची तर दहा छेदांस १०२४ पदे पुरतात, परंतु तीस छेदांस १०७ कोटींहून अधिक लागतात. आणि येगर, व्हर्टिगन व वेल्श यांनी १९९० साली दाखविल्याप्रमाणे या काठिण्यातून सर्वसाधारण सुटका अपेक्षिता येत नाही. शिवाय कोणतीही एक राशी सर्वज्ञ नाही. कॉनवे यांच्या नावाची अकरा छेदांची गाठ आणि किनोशिता-तेरासाका यांची गाठ या जोडीची अलेक्झांडर, जोन्स आणि होमफ्ली या तिन्ही बहुपदी समान येतात, अपास्तीय घनफळही समान येते, तरी गाठी भिन्न आहेत. त्यांच्या भोवतालच्या अवकाशांची समरूपता तपासली म्हणजे स्नॅपपाय हा भेद उघड करते. त्यांतील दुसरी गाठ चतुर्मित गोलाच्या आत गुळगुळीत चकतीची कड होऊ शकते. पहिलीचा हा प्रश्न मात्र कित्येक दशके अनिर्णीत राहिला, आणि लिसा पिचिरिलो यांनी तो नकारार्थी सोडविला, ज्याची सिद्धता २०२० साली प्रसिद्ध झाली. ती कल्पनाशक्तीने मिळाली, निव्वळ गणनेने नव्हे. परंतु कल्पनाशक्तीला कोणत्या गाठीपाशी थांबावे हे सुचविणाऱ्या सूची मात्र गणनेनेच तयार केलेल्या असतात.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात गाठ, साखळी व वेणी यांची मूळतत्त्वे, दुसऱ्यात अविकारी राशी, तिसऱ्यात सेज व स्नॅपपाय यांचा स्वतंत्र परिचय, चौथ्यात संकेत आणि रूपांतरे, आणि पाचव्यात परीक्षांचे लेखन असा हा क्रम आहे. पदवीच्या वर्गातील बीजगणित व पायथनची जुजबी ओळख एवढी सामग्री वाचकास पुरेल. दोन्ही प्रणाली मुक्त परवान्याच्या आहेत, त्यामुळे लहान गावातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यासही त्या विनामूल्य मिळू शकतात, आणि त्यांच्या अंतर्भागातली प्रत्येक ओळ वाचण्याचा हक्कही मिळतो. मराठीतून गणित शिकलेल्या विद्यार्थ्यास परिभाषेच्या उंबरठ्यावर अडखळावे लागू नये, म्हणून हे लेखन मराठीत केले आहे.

अशा वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. त्याने आपल्या आवडीची एखादी गाठ निवडावी, दोन्ही प्रणालींकडून तिची स्वतंत्र कैफियत मागावी, आणि त्या दोन कैफियतींचा मेळ आपल्या हाताने बसवावा. त्यांत विसंगती आढळली तर ती मांडणारे लहानसे, कोणालाही पुन्हा चालविता येईल असे उदाहरण लिहून त्या प्रणालीच्या कारभाऱ्यांकडे रुजू करावे. ग्रंथिशास्त्रातील एक जुनी चूक पंचाहत्तर वर्षे जगली, ती विद्वान नव्हते म्हणून नव्हे, तर तपासून पाहणे हे आपलेही काम आहे असे पुरेशा लोकांस वाटले नाही म्हणून. ज्या विद्यार्थ्यास हे काम आपले वाटू लागेल, त्याच्यासाठीच ही पुस्तिका आहे.